पाहुण्यांची खोली : एक न मांडलेला हिशेब

एखाद्या शहरात बाहेरगावची किती माणसे रात्रीचा मुक्काम करू शकतात, याचा अंदाज सरकारदरबारी हॉटेलांच्या आणि लॉजांच्या खाटा मोजून बांधला जातो. हा अंदाज मुळातच अपुरा आहे. मराठवाड्यातून आणि खानदेशातून छत्रपती संभाजीनगरात रोज उतरणाऱ्या माणसांपैकी फार मोठा वर्ग लॉजच्या पायरीकडे वळतच नाही. तो बसस्थानकावर उतरतो, रिक्षावाल्याला 'गारखेडा, सूतगिरणी चौक' असे सांगतो आणि कुणा मावशीच्या, चुलतभावाच्या किंवा नुसत्या गाववाल्याच्या दारात पिशवी घेऊन उभा राहतो. त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. परंतु त्याला अंथरूण द्यावे लागते, पाणी द्यावे लागते, सकाळी वेळेवर उठवावे लागते. ही व्यवस्था कोण करतो, तिचा खर्च कोणावर पडतो आणि ती यापुढे किती काळ टिकणार, हे प्रश्न वरवर घरगुती वाटले तरी ते पुरते आर्थिक आहेत.

गारखेड्याचा पाहुणा हा हौशी पाहुणा नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. दिवाळीला किंवा लग्नसराईला येणारे सोयरे वेगळे. येथे येणारा माणूस कामासाठी येतो, आणि ते काम या शहराने स्वतःकडे ओढून घेतलेले आहे. १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले व त्याचे रुग्णालय 'घाटी' या नावाने साऱ्या मराठवाड्याला ठाऊक झाले. १९५८ साली विद्यापीठ आले. १९८१ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले, आणि आज नांदेडपासून नंदुरबारपर्यंत बारा जिल्ह्यांचे पक्षकार जालना रस्त्यावरच्या त्या इमारतीकडे 'तारखे'ला येतात. एकेकाळचे खेडे असलेले गारखेडे याच काळात शहरात विरघळले. १९८९ साली तेथे हेडगेवार रुग्णालय उभे राहिले, विभागीय क्रीडा संकुल आले. म्हणजे रुग्ण, पक्षकार, उमेदवार आणि खेळाडू या चौघांनाही जवळचा मुक्काम हवा असतो, आणि तो त्यांना या वसाहतींच्या गल्ल्यांतच शोधावा लागतो. २००८-०९ च्या देशांतर्गत पर्यटनाच्या सरकारी पाहणीत मुक्कामी प्रवासांपैकी निम्म्याहून अधिक प्रवास सामाजिक कारणांसाठी होत असल्याचे आढळले होते. पर्यटन म्हटले की अजिंठा-वेरूळ डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी या आकड्याकडे जरा निरखून पाहावे.

गावाकडच्या घरात पाहुण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेथे जागेला किंमत नव्हती. ओसरी होती, ढेलज होती, उन्हाळ्यात माळवद होते. बाज बाहेर टाकली, वर वाकळ अंथरली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला की झाले. पाहुणा घरात येत असे आणि तरीही घराच्या आत येत नसे. माजघरातल्या बायकांना त्याची अडचण नव्हती आणि त्याला त्यांची नव्हती. वाड्याच्या रचनेने हा संकोच परस्पर सोडविला होता. शहरातल्या वीस बाय तीसच्या प्लॉटवर ओसरी बसत नाही. गुंठेवारीत घेतलेली सहाशे चौरस फुटांची जागा, त्यावर एकाला लागून एक काढलेल्या खोल्या, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली त्या नियमित करून घेण्यासाठी घातलेले हेलपाटे, हा येथील असंख्य कारकून-शिक्षकांच्या घरांचा इतिहास आहे. अशा घरात पाहुणा झोपतो तो पुढच्या खोलीत. पुढची खोली म्हणजे टीव्हीची खोली, मुलांच्या अभ्यासाची खोली आणि रात्री स्कूटर आत घ्यावयाची वाटसुद्धा तीच. घरातला शेवटचा माणूस झोपायला गेल्याखेरीज पाहुण्याला आडवे होता येत नाही, आणि पहिला माणूस उठला की त्यालाही उठावे लागते. पहाटे लांबून आलेल्या, दहा वाजता वकिलाकडे पोहोचावयाच्या माणसाला याहून गैरसोयीची व्यवस्था दुसरी कोणती असेल?

पुढे थोडे पैसे साठतात, भविष्यनिर्वाह निधीतून उचल मिळते आणि वरचा मजला चढतो. 'वर एक खोली पाहुण्या-रावळ्यांसाठी' असे तेव्हा घरात बोलले जाते. ती खोली पाहुण्यांच्या वाट्याला क्वचितच येते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, महाविद्यालयांत शिकणारी मुले शहरात दाटीने राहतात. त्यांना खोली हवी असते आणि घरमालकाला कर्जाचा हप्ता फेडावयाचा असतो. अर्थशास्त्रात ज्याला संधिव्यय म्हणतात तो येथे अगदी रोकडा दिसतो : खोली पाहुण्यांसाठी मोकळी ठेवणे म्हणजे दरमहा येऊ शकणारे भाडे सोडून देणे. महिन्यातून चार रात्री येणाऱ्या चुलत्यासाठी तीस दिवसांचे भाडे कोण सोडील? त्या कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. तीच खोली दुसऱ्या कुणाच्या गावाकडच्या मुलाच्या शिक्षणाची सोय करीत असते, हेही विसरून चालणार नाही. मात्र एक गोष्ट घडते. ज्या नातेवाइकाने ती खोली बांधली जात असताना पाहिली होती, तो पुढल्या वेळी फोन करताना अडखळतो.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या पद्धतीत या बाबतीत एक गमतीदार विसंगती आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घराचे कल्पित भाडे राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते; त्यामुळे पाहुण्यांसाठी राखलेली खोली हिशेबात येते. परंतु त्या खोलीत अंथरूण घालणारे, चहा करणारे, डबा भरून देणारे हात हिशेबात येत नाहीत. भिंतींना मूल्य आहे, श्रमाला नाही. हा श्रम कोणाचा, हे सांगण्याची गरज नाही. तरी आकडा द्यावयाचा तर २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ असे होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचे काम दहा मिनिटांनी कमी झाले आणि पुरुषांचे नऊ मिनिटांनी! पाहुणा आला की या २८९ मिनिटांत भर पडते. आणि 'पाहुणे आले, जरा चहा टाक' एवढे सांगून यजमानपणाचे श्रेय घेणारा मात्र पुढच्या खोलीत बसलेला असतो. गृहिणी स्वतः नोकरीवर जाणारी असेल तर तिच्या कपाळावरची आठी पाहून तिला माणूसघाणी ठरविले जाते. ती आठी माणसाविषयी नसते, मिनिटांविषयी असते.

तेव्हा पाहुण्याची खोली नीट लावणे याचा अर्थ काय, हे थोड्या तपशिलात शिरूनच पाहिले पाहिजे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन याने १८९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, ती मध्यमवर्गीय घरातल्या शोकेसला तंतोतंत लागू पडते. काचेआड ठेवलेले कपबशांचे संच, प्लास्टिकचे वेष्टन न काढलेला सोफा, कुणी अंगावर घ्यावयाची नाही अशी नवी कोरी रजई : या वस्तू पाहुण्यांसाठी म्हणून घेतल्या जातात, पण त्या पाहुण्याने पाहाव्यात म्हणून असतात, वापराव्यात म्हणून नव्हेत. खेड्यातून आलेला माणूस असल्या खोलीत अवघडून बसतो. आपल्या पायांची धूळ चादरीला लागेल म्हणून तो कडेवर टेकतो. स्वागत म्हणून केलेला खर्च येथे स्वागताच्या आड येतो.

याउलट जे खरोखर लागते ते स्वस्त असते. उन्हात वाळवलेली गादी, धुतलेली सोलापुरी चादर, आणि थंडी वाजली तर मागावे लागू नये म्हणून पायथ्याशी ठेवलेले दुसरे पांघरूण. सदरा अडकवायला भिंतीत एक खुंटी. झाकण असलेला पाण्याचा तांब्या. हाताला लागेल असे दिव्याचे बटण, कारण अनोळखी घरात रात्री उठलेला माणूस अंधारात भिंत चाचपडत उभा राहतो, आणि घरच्यांची झोप मोडू नये म्हणून पुष्कळ वेळा तसाच परत आडवा होतो. मोबाइल लावायला मोकळे प्लग. डासांसाठी मच्छरदाणी. न्हाणीघर कोठे, गरम पाण्याचे बटण कोणते, हे आल्याबरोबर दाखविणे. पाहुण्याने विचारावे अशी वाट न पाहणे. विचारण्याची किंमत पैशांत मोजता येत नाही, परंतु ती फार मोठी असते. वयस्क माणूस टॉवेल मागण्याऐवजी स्वतःच्या धोतराला अंग पुसतो, आणि दोन दिवसांचे काम असताना 'आलो तसा निघतो' म्हणून एका दिवसात परत जातो.

पाहुण्यापाहुण्यांतही फरक असतो, आणि येथेच बहुतेक यजमान चुकतात. सर्वांना एकच पाहुणचार, म्हणजे गोडधोड जेवण आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा, असा प्रघात आहे. परीक्षेला आलेल्या मुलाला गप्पा नकोत. त्याला टेबल, उजेड आणि दहा वाजता बंद होणारा टीव्ही हवा. श्रीखंड-पुरीने सुस्तावून तो दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेला तर त्याचे भले झाले असे म्हणता येत नाही. कोर्टाच्या तारखेला आलेल्या शेतकऱ्याजवळ कागदांची पिशवी असते, सात-बाराचे उतारे असतात. ती पिशवी ठेवायला मुलांच्या हाताला न लागणारी जागा आणि सकाळी वेळेवर नाष्टा मिळाला की तो तृप्त असतो. रुग्णालयासाठी आलेल्याचे सगळेच निराळे. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला जिना चढून वरच्या खोलीत नेणे म्हणजे सन्मान नव्हे, शिक्षा होय. तिला खालची खोली, उंच खाट आणि बसता येण्याजोगा कमोड लागतो. केमोथेरपी घेऊन आलेल्या माणसाला फोडणीचा वास सहन होत नाही, आणि त्याला भेटायला गल्लीतली दहा माणसे येऊन बसलेली तर मुळीच सोसत नाहीत.

पाण्याचा मुद्दा या शहरापुरता स्वतंत्रच मांडावा लागेल. पैठणचा नाथसागर हाकेच्या अंतरावर असूनही नळाला पाणी किती दिवसांनी येते, यावर येथील पाहुण्यांचे वेळापत्रक ठरत आलेले आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात काही वसाहतींत सात-आठ दिवसांनी पाणी येत असे. १,६८० कोटी रुपयांच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले आणि पुढे तिचा खर्च फुगत गेला. पाणी साठवून वापरणाऱ्या घरात एक जादा माणूस म्हणजे रोजच्या हिशेबातून आणखी दोन-तीन बादल्या. 'पाण्याच्या दिवशी या' असे यजमानाने फोनवर सांगितले तर त्यात रुक्षपणा नाही. उलट संकोचाने काही न सांगणे आणि मग पाहुणा आंघोळीला गेला असताना टाकीचे झाकण उघडून पाहणे, यात अधिक अवमान आहे.

परंतु खोलीत खाट आहे, चादर आहे, एवढ्याने स्वागत होत नाही, याचा सर्वांत बोलका दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींत सापडतो. १९१७ साली ते परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू व्हायला गेले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी वसतिगृहात उतरले. तेथे दुसरा उतारू नव्हता. रात्री दिवा म्हणजे एक मिणमिणता कंदील. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेला तो तरुण अंधारात पुस्तकात मन गुंतवू पाहत होता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जाब विचारायला आले आणि ती जागाही सुटली. खोली होती, भाडे रोख दिले जात होते. नव्हते ते एवढेच, की आपले खरे नाव सांगून तेथे झोपता यावे.

याच्या अगदी उलट प्रसंग १९२९ सालचा, आणि तो घडला घाटाखाली चाळीसगावला. चौकशी समितीच्या कामावरून परतताना बाबासाहेबांनी एक रात्र आपल्याकडे काढावी, असा आग्रह तेथील महारवाड्यातील लोकांनी धरला. स्टेशनावरून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. एकाने टांगा दिला, पण तो हाकायला नकार दिला. पाहुण्याला पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले, म्हणून टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या एकाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या पुलावर चाक दगडात अडकले, घोडा आणि टांगा खाली गेले, बाबासाहेब फरसबंदीवर आपटले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. पाहुण्याच्या प्रतिष्ठेपुढे त्याच्या सुरक्षिततेचाही विचार त्या लोकांना सुचला नाही, ही गोष्ट त्यांनी स्वतः नोंदवून ठेवली आहे. ज्यांच्याजवळ द्यायला काहीच नव्हते, त्यांना पाहुण्याचा मान राखण्याची ही ओढ होती. आणि ज्याच्याजवळ टांगा होता, त्याला माणूस नको होता.

हे जुने झाले, असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. वरची खोली भाड्याने देताना अजूनही आधी आडनाव विचारले जाते. घरात मुक्कामाला आलेल्या मुलाच्या मित्रासाठी वेगळा पेला काढणारी घरे सुशिक्षितांच्या वसाहतींतून संपलेली नाहीत. फक्त तो पेला आता स्टीलचा नसून 'डिस्पोजेबल' असतो, आणि त्याला स्वच्छतेचे नाव दिलेले असते. ज्या शहरात १९५० साली बाबासाहेबांच्या पुढाकाराने मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतली मुले शिकायला येऊ लागली, त्या शहरात तरी खोलीच्या स्वागतशीलतेचा विचार खुंटीपाशी आणि मच्छरदाणीपाशी थांबता कामा नये.

एक आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. साऱ्या प्रदेशाच्या दवाखान्याचा आणि कोर्टाचा भार तुटपुंज्या पगाराच्या कुटुंबांनी का वाहावा? हा आक्षेप बिनतोड आहे. कर्करोगावरील किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. दोन रात्रींचा पाहुणा आणि दीड महिन्याचा पाहुणा यांत फरक असतो, आणि दुसऱ्याची सोय ही नात्यावर सोपविण्याची बाब नव्हे. घाटीच्या आवारात आणि व्हरांड्यांत पथारी पसरून झोपणारे नातेवाईक पाहिले की शासनाने खाटा रुग्णांपुरत्याच मोजल्या, सोबत येणाऱ्या माणसाला गृहीतच धरले नाही, हे उघड होते. या बाबतीत गाडगेबाबा सरकारच्या पुष्कळ पुढे होते. स्वतः झाडाखाली झोपणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या; अस्पृश्य यात्रेकरूंसाठी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा मिळतो. खुद्द या शहरातली पाणचक्कीसुद्धा बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची. तिच्यावर दळलेल्या पिठातून फकिरांची आणि यात्रेकरूंची पोटे भरत. अठराव्या शतकात जे सुचले ते विभागीय आयुक्तालय, महानगरपालिका आणि खंडपीठ असलेल्या शहराला सुचू नये, याला काय म्हणावे? उलट जुलै २०२२ मध्ये हजार रुपयांपर्यंतच्या साध्या लॉजच्या खोल्यांवरही बारा टक्के कर बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पाच टक्क्यांवर आला, एवढेच समाधान.

धर्मशाळा आवश्यक आहे म्हणून घरातली खोली अनावश्यक ठरत नाही. खेड्यातला माणूस रिकाम्या हाताने येत नाही, हे शहरी माणूस विसरत चालला आहे. त्याच्या पिशवीत ज्वारी असते, तुरीची डाळ असते, हंगामात हुरडा किंवा सीताफळे असतात. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस याने १९२५ साली देणग्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखविले की देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे ही एकच साखळी असते. जोवर शहरातला भाऊ पोळ्याला, जत्रेला, उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाऊन राहत होता, तोवर गावचा भाऊ त्याच्या पुढच्या खोलीत निःसंकोच झोपत असे. आता शहरातल्या मुलांना गावाकडे करमत नाही. तेथले घर पडले किंवा वाटणीत गेले. परतफेडीचा मार्ग बंद झाला की पाहुणचार उपकार होतो, आणि उपकाराखाली मानी माणूस उभा राहत नाही. तो मग फोन न करता बसस्थानकाच्या बाकावर रात्र काढतो आणि डोळे चोळत तपासणीच्या रांगेत उभा राहतो. नाहीतर तपासणीच पुढच्या महिन्यावर ढकलतो. हा खर्च कोणत्याच खात्यात पडत नाही.

पुढच्या खोलीतल्या दिवाणाखाली एक गादी आणि दोन चादरी कायमच्या राखून ठेवण्याने हा संकोच पुष्कळसा जातो. वेगळी खोली नसली तरी चालते. पडदा ओढून घेतला की रात्रीपुरती ती पाहुण्याची होते. मात्र अंथरूण घालण्याचे आणि काढण्याचे काम घरातल्या पुरुषाने आणि मुलांनी अंगावर घेतले पाहिजे, नाहीतर हा सगळा उपदेश पुन्हा त्याच २८९ मिनिटांच्या खात्यावर टाकला जाईल. पाहुणा गेल्यावर चादर कोण धुतो, हा साधा प्रश्न कोणत्याही घरात विचारून पाहावा. त्या दिवशी नळाला पाणी नसेल तर ती चादर पुढच्या पाण्यापर्यंत बादलीत पडून राहते. आणि पुढची तारीख कोर्टाने बहुधा त्याच्या आधीच दिलेली असते.